कण्हती

बारामती,
१८ नोव्हेंबर २०२५

ती. जोतीरामदादा,

माझा नमस्कार घेशील का न्हाय, ठाऊक न्हाय. तरी करते. छकुलीचा हलणारा दात पडला का? वहिनी फोनवर म्हणाली, तुला वकील मिळाला. बरं झालं.

आपलं कळंब हितनं तासाभराच्या वाटेवर, तरी पत्र लिहितीय. मेसेज पुसता येतो. आणि तुझ्यापुढं उभी राहिले तर माझं तोंड उघडायचं न्हाय.

आबांच्या दहाव्याला मी येईल त्याला सांगत होते, "वय झालं होतं, पाय घसरला." डोंबलाचं वय! साधी काठीबी लागत नव्हती त्यांना. आपला बाप विहिरीत उतरला कशाला, ते तू बोलला न्हाईस, मीबी न्हाय. आज बोलते.

आबा पाइपाला कान लावून सांगायचे, "मोटर कण्हती बघा, बंद करा. आता खोकंल, मग जळंल." त्या कण्हण्यावरनंच आपण दोघांनी सॉफ्टवेअर लिहिलं. मोबाईलनं मोटरीचा आवाज ऐकायचा आणि पाणी सरायच्या आत ती बंद करायची. तू पेनड्राईव्हवर घालून गावोगाव फुकट वाटत सुटलास. मला राग यायचा त्याचा. मी तेच कंपनीत नेलं, जरा रंगरंगोटी केली. पेटंटवर शोध लावणारी म्हणून माझं एकटीचं नाव हाय.

श्रावणात तुला कंपनीची नोटीस आली, आमचं तंत्र चोरलं म्हणून. ती धाडायच्या आधी साहेबांनी मला एवढंच विचारलं, "पत्ता बरोबर आहे ना?" मी व्हय म्हणाले.

मग आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या ग्रुपवर चार दिवस नुसती भांडणं. कोण म्हणे, सॉफ्टवेअरला पेटंट द्यायचंच कशाला? कोण म्हणे, पहिला अर्ज करंल त्याचं. आमच्या ऑफिसातल्या यशराजनं लिहिलं, "फुकट वाटणारे शेवटी चोरच निघतात." त्याला मी अंगठा दिला. दादा, आबा जन्मभर अंगठेबहाद्दर म्हणून लाजले. मी एवढी शिकले आणि अंगठाच उमटवला की रं, तोबी सख्ख्या भावाच्या नरड्यावर.

नोटिशीला भिऊन तू सगळं बंद केलंस. मोटर आपोआप थांबंना, म्हणून आबा परत कान लावायला त्या शेवाळलेल्या पायऱ्या उतरायला लागले. ते मला वहिनीनं सांगितलं होतं. मी ऐकून घेतलं आणि जेवायला बसले.

आता नीट वाच. पेटंटातली तिसरी आकृती काढ. एका चौकोनात इंग्रजी अक्षरांत 'कण्हती' लिहिलंय. आपल्या जुन्या कोडातलं नाव, बदलायचं मी विसरले. कंपनीच्या वकिलानं विचारलं तवा "टेस्टिंगचं नाव आहे" म्हणून थाप मारली. तो आबांचा शब्द हाय. तू पेनड्राईव्ह वाटलेस त्यातबी तोच शब्द सापडंल, माझ्या अर्जाच्या दोन वर्षं आधीचा.

हे पत्र तुझ्या वकिलाला दे. कंपनी मला काढंल, खटलाबी भरंल. भरू दे. माफ कर म्हणत न्हाय, तेवढं तोंड न्हाय मला.

खाली पेटंटवर हाय तस्संच पूर्ण नाव लिहिते. शेजारी अंगठा उमटवलाय, आबा सातबाऱ्याच्या कागदावर उमटवायचे तसा. ह्यो खरा हाय.

तुझी म्हणायची लायकी न्हाय, पण आबांची लेक,
सोनम गेणबा कोळेकर