तुम्ही सांगितलेला शेवट

अप्पा, गेल्या महिन्याभरात मी तीन पिक्चर पाहिले आणि तिन्हींबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे. पहिले दोन लेकीने मॉलमध्ये नेऊन दाखवले. एकात दाढीवाले पुरुष तीन तास एकमेकांना कापत होते. आई होती, पण मुलाला चिडायला काहीतरी कारण हवं म्हणून ती मध्यंतराआधीच मेली. दुसऱ्यातलं जोडपं इतकं हळू बोलत होतं की शेजारच्या खुर्चीतले पॉपकॉर्न जास्त ऐकू येत होते, आणि त्यांच्या त्या चकचकीत स्वयंपाकघरात जन्मात कधी मोहरी तडतडली नसेल. मी हे पुटपुटले तर लेक म्हणाली, "आई, तू पिक्चर बघतेस की पेपर तपासतेस?"

तुम्ही असतात तर हे दोन्ही नामंजूर झाले असते. आपल्या घरचा नियमच होता तो. पनवेलात नवा पिक्चर लागला की आधी तुम्ही एकटे बघून यायचात. बरा असला तर रविवारी आई आणि मी जाणार, नाहीतर तो जेवताना तुमच्या तोंडून ऐकायचा. आणि तुम्ही काय सांगायचात, अप्पा! वाटीवर चमचा वाजवून पाऊस, तोंडाने मोटारीचा हॉर्न, नायिकेचं रडणं तर असं की आई डोळे पुसत म्हणते, "अहो, आता जेवा, आमटी निवली." तुमच्या बोटांना भात वाळून चिकटलेला असतो आणि तुमचं लक्षच नसतं. कित्येकदा मी मनातून म्हणायचे, हा पिक्चर नापासच होऊ दे.

तिसरा पिक्चर परवा दुपारी घरी टीव्हीवर लागला. रंग उडालेला, आवाज चरचरणारा. कधी न पाहिलेला, तरी मी तो पाच मिनिटांत ओळखला. म्हातारा बाप, त्याची एकुलती मुलगी, तिला दूर डोंगरातल्या शाळेत मिळालेली नोकरी. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी मला उटीला त्यांच्या शाळेत शिकवायला येशील का विचारलं होतं आणि मी ते घरी सांगितलं होतं, त्याच आठवड्यात तुम्ही हा पिक्चर आम्हाला सांगितलात. उटीबद्दल चकार शब्द काढला नाहीत. मुलगी बसमध्ये बसते, बस हलते, खिडकीतून तिला बापाची वाकलेली पाठ दिसते, ती ओरडून बस थांबवते आणि उतरते. म्हणते, "अप्पा, जेवायचे थांबलात ना?" तिच्या बापालाही तुम्ही अप्पाच करून टाकलं होतं. आईने विचारलं, "खरंच उतरते हो?" तुम्ही म्हणालात, "मग काय, मी पदरचं सांगतोय?"

दुसऱ्या दिवशी मी सिस्टरांकडे गेले. त्यांनी विचारलं, "घरून नको म्हणाले का?" मी मान ताठ करून म्हटलं, "नाही सिस्टर, मीच नको म्हणते आहे." केवढा अभिमान वाटला होता मला! तुम्ही नाही म्हणाला असतात तर मी भांडले असते, अप्पा. तेवढं कॉन्व्हेंटने शिकवलं होतं. भांडायला तुम्ही जागाच ठेवली नाहीत.

परवा बस हलली तेव्हा मी लेकीला म्हटलं, "आता ती उतरेल बघ." बस वळली. पूल ओलांडून गेली. बापाने हात हलवला, घरी जाऊन स्वतःचा स्वतः भात लावला, खाल्ला, ताट धुतलं. संपला पिक्चर.

"कुठे उतरली गं?" लेक म्हणाली.

"आजोबांनी तसं सांगितलं होतं."

"म्हणजे स्पॉयलर दिला, तोही खोटा! भारीच होते आजोबा." ती पोट धरून हसली. मला हसता आलं नाही.

तुम्हाला माझ्यावाचून करमणार नव्हतं, हे मी समजून घेतलं असतं. पण वर्ष सरायच्या आत तुम्हीच माझं लग्न ठरवलंत आणि उरणला पाठवलंत. "उरण काय, हे इथे," म्हणालात. तिथे सासूबाईंनी माझं इंग्रजी फक्त औषधाच्या बाटल्या वाचायला वापरलं. सणाला माहेरी आले की तुम्ही नवा पिक्चर सांगायला बसायचात आणि मी, वेडी, पुढे सरकून ऐकायचे. आईला तेव्हाच शंका आली होती का? तिने त्या पिक्चरबद्दल पुन्हा कधी काही विचारलं नाही. आता विचारायला तीही नाही.

हे लिहून झालं की तुमच्या तसबिरीमागे ठेवीन म्हटलं होतं. ठेवत नाही, फाडून टाकते. फक्त एक गोष्ट लेकीलाही सांगितलेली नाही. खरा शेवट बघताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही. उलट वाटलं, एवढंच? मग आत जाऊन मी तुमचा शेवट आठवला, हॉर्नसकट, आणि रडले.