सोयीचे बहिरे

३ जून
वाचनालयातून शाळेचं विज्ञानाचं पुस्तक आणलं. तिथल्या बाई म्हणाल्या, "नातवासाठी का?" हो म्हटलं. कुठे सांगत बसा. हे गेल्याला परवा सात महिने होतील. कादंबरीत जीव रमत नाही.

४ जून
आवाज म्हणजे हवेतली लाट. हवा जागच्या जागी हलते, हेलकावा तेवढा पुढे जातो. एवढं कळायला तीनदा वाचलं. मग भांडी घासली.

७ जून
आजचं पान पुन्हा पुन्हा वाचलं. जाड आवाजाची लाट लांब — दाराच्या कडेला वळसा घालून पलीकडे पोचते. बारीक, चिरक्या आवाजाची आखूड, ती अडते. आणि यंत्रांच्या गोंगाटात वर्षं काढलेल्या माणसाला आधी बारीक आवाजच ऐकू येईनासे होतात.

ह्यांनी यंत्रमागांच्या शेडमध्ये एकतीस वर्षं काढली. बसायचे बाहेरच्या खोलीत. मी बोलायची स्वयंपाकघरातून. शेजारच्या काकांचं "आहात का घरात?" जिन्यातून ऐकू यायचं, माझं नाही. सोयीचे बहिरे, म्हणायची मी. चिडून वरच्या पट्टीत ओरडायची — म्हणजे आणखीच बारीक! आणि हे समोर आले की मी मुद्दाम गप्प. मनात म्हणायची, मघाशी विचारलं तेव्हा कुठे होतात?

शेवटची चार वर्षं अशी.

८ जून
म्हणजे ऐकून न ऐकल्यासारखं करत नव्हते? की करतच होते? एवढं एकच कळायला हवंय. पुस्तकाला विचारून काय उपयोग, ते काय ह्यांना ओळखतं.

११ जून
धाकटे भावजी आले. तेही त्याच शेडमधले. खिडकीशी पाठमोरे बसले होते. आतून विचारलं, "चहा टाकू का?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं. नाही. मग आवाज खाली उतरवून, जाड करून, सावकाश विचारलं.

"अर्धाच कप, वहिनी. घसा बसलाय का तुमचा?"

हसू आलं. मग आधण ठेवायला वळले.

चहा देताना त्यांना सगळं सांगितलं, समोर बसून. ते कप हातात धरूनच राहिले. मग चहा तसाच ठेवून निघाले.

१२ जून
भावजी सकाळीच परत आले. दारातच उभे राहिले. म्हणाले, "काल सांगवेना. दादा मला म्हणायचा — चार वर्षं झाली, तुझी वहिनी माझ्याशी बोलत नाही. काय चुकलं, तेही सांगत नाही."