घडी मोडली

५ ऑगस्ट, सोमवार

आलो बाई एकदाचे कुसगावात! सामान उतरवताना मिक्सरचं झाकण हरवलं, आणि आमच्या लेकीने, अनुष्काबाईंनी, खोलीत पाऊल टाकताच जाहीर केलं की खिडकीची जागा त्यांची. खाली गोदाम, वर आमची खोली, मध्ये आतूनच जिना. तळेगावात रोज रिक्षामागे धावणारी मी, आता पायऱ्या उतरले की कामावर. हे जामनगरला नोकरीत, दिवाळीला येतील. तोवर आम्ही मायलेकीच.

काम मजेचं आहे. लोक मोबाइलवर चीनमधले कपडे-बूट पसंत करतात, तिथला एजंट ते विकत घेऊन इकडे पाठवतो, आणि गिऱ्हाइकाच्या हाती पडण्याआधी मी ते तपासायचे. शिवण ओढून बघायची, चेन वरखाली करायची, बूट वाकवून गोंद सुटतोय का पाहायचं, टेपने माप घ्यायचं, फोटो काढायचे. मालक दिगंबर सर भला माणूस. त्यांची एकच अट: माल अंगात घालायचा नाही. त्यात काय एवढं!

७ ऑगस्ट, बुधवार

अट मोडली. करणार काय, ऑफिसच्या फोनवर एका गिऱ्हाईक बाईचा मेसेज आला: ‘घालून फोटो पाठवा, मग न्यायला येते.’ सर लोणावळ्याला गेलेले. ड्रेस मोरपंखी, बूट तपकिरी, आणि खोटं कशाला बोलू, मलाही मोह झाला.

आमच्याकडे नवी साडी आली की आई ती आधी मावशीला नेसायला द्यायची. घडी मोडायची ती आपल्या माणसाने, आणि त्याआधी पदराला हळदीकुंकवाचं बोट लावायचं. हात सवयीनेच गेला. ड्रेसच्या आतल्या काठाला, कुणाला दिसणार नाही असं, हळदीचं बोट लावलं. कुणाचं का असेना, नवं वस्त्र आहे. मग घातला. अगदी मापात! बूटसुद्धा.

औंढ्याहून मुक्ताबाई झाडलोट करायला येतात. मला बघून त्यांचा झाडू थांबला. परक्याची घडी आपण मोडू न्हाई ताई, म्हणाल्या. मी हसण्यावारी नेलं, फोटो पाठवला आणि सगळं पुन्हा पार्सलमध्ये बांधून शेल्फवर ठेवलं.

१० ऑगस्ट, शनिवार

सर आज चांगलंच टोचून बोलले. गिऱ्हाइकाचा ड्रेस घालून गावात मिरवता, आणि हाक मारली तर वळतही नाही, म्हणाले. काल दुपारी, धुक्यात, हॉटेलांच्या रस्त्यावर. मी शपथ घेतली की काल दुपारी मी वर उपमा करत होते. त्यांना पटलं नाही.

शेल्फवर बघितलं. ते पार्सल नाही.

मुक्ताबाईंनीही त्या ड्रेसमधल्या बाईला पाहिलंय. त्यांना वाटलं मीच, कारण डावा पाय घासत चाललीवती. मी लहानपणी पेरूच्या झाडावरून पडले तेव्हापासून माझा डावा पाय जरा घासतो. इथे कुणाला ते सांगितलं नव्हतं.

१२ ऑगस्ट, सोमवार

मोरपंखी ड्रेस परत आला. दाराशी ठेवलेला. तपासणं माझंच काम, म्हणून उघडला. काखेत घाम. गळ्याला मेथी घातलेल्या खोबरेल तेलाचा वास. हे तेल मी घरी करते. बुटांवर तांबडी माती, आणि डाव्या बुटाची टाच आतून झिजलेली. घरातली माझी चप्पल अशीच झिजली आहे. शेजारी ठेवून बघितली. तीच झीज.

फोनवर मेसेज: ‘छान बसला. आता मुलीचं बघा.’

१३ ऑगस्ट, मंगळवार

नवं पार्सल. लहान मुलीचा फ्रॉक, पांढरे कॅनव्हासचे बूट. माप अनुष्काचं. ‘तिला घालून दाखवा. हळद लावायला विसरू नका.’

हळदीचं मी कुणाला बोलले नाही. कुणालाच नाही.

मुक्ताबाईंपुढे रडलेच. त्या माझ्याजवळ खाली बसल्या. म्हणाल्या, हळद लावून घडी मोडली म्हंजी तुमीच तिला घरची केली. रूप तर घेतलंच तिनं. आता तिला लेक पायजे. पोरीला त्यात पाय घालू दिऊ नका, काय बी झालं तरी.

आणि अनुष्काला नेमके पंधरा ऑगस्टच्या झेंडावंदनाला पांढरे बूट हवेत! जुने चावतात म्हणून हट्ट धरून बसली. मी तिच्यावर ओरडले. आजवर कधी अशी ओरडले नव्हते. पार्सल लोखंडी कपाटात टाकून कुलूप लावलं. किल्ली माझ्या गळ्यात, मंगळसूत्राबरोबर.

१४ ऑगस्ट, बुधवार

यांना फोन केला, आम्ही तळेगावला जातोय म्हणून. हे हसले. अगं, आत्ताच तर बोललीस, इथे छान रुळलोय, कुठे जायचं नाही म्हणून —

मी फोन केला नव्हता.

निघणारच होते. इतक्या धुक्यात रिक्षावाला गाडी काढेना. उद्या उजाडताच येतो म्हणाला. अनुष्काला दिवसभर हाताला धरून ठेवलंय. कंटाळलीय बिचारी. गोदामात कुणीतरी टेपने माप घेतंय. टेप सर्रकन डबीत परत गेल्याचा तो आवाज. पुन्हा. पुन्हा —

१५ ऑगस्ट

उजाडलं. बॅग भरली. अनुष्का खाली मोरीवर तोंड धुवायला गेली, मी जिन्यात उभी राहून बोलत होते तिच्याशी. सारखी बोलत होते. ती ओ देत होती. एकदाच वळले, डबा उचलायला —

वर आली. पायात पांढरे बूट. अंगात तो फ्रॉक. काठाला हळदीचं ओलं बोट.

किल्ली माझ्या गळ्यातच आहे.

कुणी घातले विचारलं. हसली. म्हणाली, असं काय गं आई, तूच तर घातलेस आत्ता खाली. लेस पण तूच बांधलीस.

बूट ओढतेय. निघत नाहीत. लेसची गाठ सुटत नाही. देवा, माझं लेकरू —

जिन्यावर पाऊल. एक सरळ, एक घासत. एक सरळ, एक घासत.

कडी लावली. पाठ दाराला लावून बसलेय. वही मांडीवर. ओरडले तर अनुष्का घाबरेल, म्हणून लिहितेय. तिला जवळ ओढलं तर अंग चोरतेय. दाराकडे बघतेय. बाहेरून माझ्याच आवाजात तिला हाक. अनू. चल बाळा, झेंडावंदनाला उशीर होतोय.

अनू फक्त मी म्हणते.

ती रडायला लागली. सोड म्हणत नाही. सोडा म्हणतेय. मला. सोडा ना काकू, माझी आई बाहेर आहे — काकू, तुम्ही कोण आ