पश्चिमेकडच्या नऊ फटी

१२ जानेवारी, सकाळी

आर्किटेक्चरचं नवं सेमिस्टर, नवी वही. संकल्प:
रोज अर्धा तास लेटरिंग, म्हणजे शीटवरची अक्षरं घोटणं.
सबमिशन दोन दिवस आधी तयार.
कटर चालवताना फोन बघायचा नाही. (डावा अंगठा, दोन टाके.)

प्रणाली मॅडमनी स्टुडिओचा नवा विषय दिला: ओळखीच्या एका माणसासाठी एक खोली. वर्गातल्या बाकी एकोणचाळीस जणांच्या खोल्या कागदावरच राहणार. माझी खरोखर बांधली जाणार. घरामागच्या मोकळ्या जागेत बाबा आजोबांसाठी खोली काढताहेत. आजोबा उमरेडला एकटे राहतात. दिवाळीत न्हाणीत पडले, तेव्हापासून बाबा त्यांना नागपूरला या म्हणून मागे लागले आहेत. ते येत नाहीत. साहजिक आहे. त्यांच्यासाठी कुणी आजवर जागेचा विचारच केला नव्हता.

१३ जानेवारी

बाबांचं म्हणणं, नत्थू मिस्त्रीला नकाशा लागत नाही, तो खोली पाहून खोली बांधतो. मी त्यांना 'अवकाश' या विषयावर वीस मिनिटं समजावलं. आई म्हणाली, करू द्या त्याले, एकच तर खोली आहे. याला मी नियुक्ती समजतो.

१५ जानेवारी

मॅडमनी वीस प्रश्नांचा कागद दिला. ज्याच्यासाठी खोली आहे त्याला समोर बसवून विचारायचे. आजोबांना मी एकोणीस वर्षं ओळखतो, त्यामुळे उत्तरं मीच भरली. प्रश्न अकरा: उन्हाळ्यात दुपारी कुठे झोपतात? लिहिलं: शांतपणे.

दीड तास वाचला. तो झोपेत गुंतवला.

१७ जानेवारी, संध्याकाळी

संकल्पना सुचली! मागच्या अंगणात बसलो होतो. थंडी, समोर मावळतीचं कोवळं ऊन, अंगावर आजोबांनीच विणलेली जुनी चादर. आजोबांनी चाळीस वर्षं मागावर साड्या विणल्या. म्हणून खोलीच्या पश्चिमेच्या भिंतीत खिडकी नाहीच. नऊ उभ्या फटी. प्रत्येक सहा इंच रुंद, जमिनीपासून छतापर्यंत, काच लावून बंद. संध्याकाळी उन्हाचे नऊ पट्टे फरशीवर पडतील. मागावरचे ताण्याचे उभे धागे! उत्तरेची भिंत पूर्ण कोरी. शांतता.

बहिणीला, मयुराला सांगितलं. ती दहावीत आहे, तिला इतकंच कळलं की फटीतून पाल येईल. काच आहे म्हणून सांगितलं. म्हणाली, मग हवाही नाही येणार. लहान आहे.

१८ जानेवारी, रविवार

एसटीने उमरेडला गेलो, आजोबांना प्लॅन दाखवला. त्यांनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, ताण्यात दोन धाग्यांच्या मधून माणसाचं डोकं जाते का गा? मी म्हटलं, ही प्रतीकात्मक पातळी आहे. ते म्हणाले, बरं. मग म्हणाले, आन् कूलर कुठी लागन?

जानेवारीत! स्वेटर घालून! मी हसलो. तेही हसले. एकूण मीटिंग छान झाली.

जाता जाता म्हणाले, पाडव्याले येतो, महिनाभर राहून पाहतो. पटलं तर राहीन, नाही तर उमरेडची एसटी काही बंद नाही झाली. म्हणजे ग्राहकाचा अंतिम निर्णय माझ्या डिझाइनवर आहे. दडपण आहे, पण मी दडपणात खुलतो.

लेटरिंग: प्रवासामुळे नाही.

२० जानेवारी

नत्थू मिस्त्रीला प्लॅन समजावला. त्याने कागद उलटा धरला, सुलटा धरला, फटी मोजल्या, बाबांकडे पाहिलं. बाबांनी आभाळाकडे पाहिलं. मग दोघं फाटकाजवळ जाऊन काहीतरी बोलले. बहुधा रेतीचं.

९ फेब्रुवारी

आज साइटवर चूक पकडली. उत्तरेच्या कोऱ्या भिंतीत, ज्यात काहीच नाही, नत्थूने मध्येच काँक्रीटचं लिंटेल टाकलं आहे. लिंटेल दारा-खिडकीच्या वर असतं, वरच्या विटांचं वजन पेलायला. हे पहिल्याच सेमिस्टरला शिकवतात. विचारलं, हे काहून? म्हणाला, भाऊ, राहू द्या, मजबुती येते. मी त्याला लिंटेलचं तत्त्व समजावलं. त्याने मान डोलावत ऐकलं आणि विडी पेटवली. शिकलेला नाही, पण ऐकून घेतो, हा गुण आहे.

१६ फेब्रुवारी

पुन्हा चूक. त्याच भिंतीवर कमरेच्या उंचीला प्लगचा पॉइंट. भिंतीच्या पलीकडे बाहेर पाण्याचा नळ. कोऱ्या भिंतीला नळ! नत्थू म्हणाला, झाडांले पाणी द्याले. तिथे झाड नाही. मी विरोध नोंदवला. आई म्हणाली, लावू ना एखादं. माझ्या मिनिमल भिंतीचं काय होणार?

२७ फेब्रुवारी

मॉडेल सुरू केलं. फटी कापताना उजवा अंगठा. आता दोन्ही सारखे झाले. शीटवर उत्तरेचा बाण खालच्या कोपऱ्यात, डावीकडे तोंड करून काढला. तिथे फार रिकामं वाटत होतं.

१९ मार्च, गुढीपाडवा

आजोबा आले. सोबत एक कापडी बॅग. खोलीत गेले, फटी पाहिल्या, खाटेवर बसले, बॅग खाटेखाली सरकवली. उघडली नाही. संध्याकाळी साडेपाचला नऊ पट्टे फरशीवर पडले! सगळ्यांना बोलावलं. आजोबा म्हणाले, दिसते तर बढिया. मयुरा म्हणाली, आजोबा, तुम्ही झेब्रा दिसून राहिले. आईने तिला गप वं म्हटलं, पण तीही हसत होती.

२ एप्रिल

एक छोटं निरीक्षण. पट्टे आता गरम असतात. आजोबा दुपारी खाट दोन पट्ट्यांच्या मध्ये लावतात आणि ऊन सरकलं की खाट सरकवतात. संध्याकाळपर्यंत खाट दाराशी पोचते. वास्तू माणसाला हालचाल करायला लावते, हे मॅडमनी सांगितलंच होतं.

७ एप्रिल

बाबांनी माळ्यावरून आजोबांसाठी जुना कूलर काढला. फट सहा इंच, कूलर दोन फूट. मी म्हटलं, आपण कूलर खोलीत आतच ठेवू. एक प्रकारचा घरातला धबधबा.

९ एप्रिल

हवा बाहेर जायला वाट नसल्याने खोलीत दमट होतं. आईने तिथे ठेवलेले पापड वाकले. माझी ज्युरीची, म्हणजे परीक्षकांपुढे मांडायची शीट्सही तिथेच होती. तीही वाकली. कूलर दारात लावून पाहिला. मग आजोबांना बाहेर यायला कूलर बंद करून, तिघांनी उचलून, बाजूला ठेवावा लागतो. रात्रीत ते दोनदा उठतात.

आज ते स्वयंपाकघरात फरशीवर झोपले. ओट्याखाली थंड वाटते म्हणाले. बॅग अजून बांधलेलीच आहे.

ऊन त्रेचाळीस. लेटरिंग: घामामुळे नाही.

१२ एप्रिल, दुपारी

बाबा आजोबांना म्हणत होते, आता पुरे करा, उद्याच नत्थूले बोलावतो. आजोबा म्हणाले, नाही. पोराची परीक्षा होऊ दे. तोवर भिंतीले कोणी हात लावाचा नाही.

कोणती भिंत, ते कळलं नाही. पण 'परीक्षा होऊ दे' यावरून आजोबांना डिझाइन समजू लागलं आहे असं दिसतं. सरळ विचारलं, खोली पटली का? म्हणाले, तुझी ज्युरी झाली की सांगतो. ग्राहक तोलून मापून विचार करतो आहे. चांगलं लक्षण.

तरी बॅगेकडे लक्ष जातं.

१७ एप्रिल

ज्युरी. मॅडमनी आधी बाण पाहिला. म्हणाल्या, तुझ्या शीटवर सूर्य उत्तरेला मावळतो. मी म्हटलं, ते कंपोझिशनसाठी आहे. मग विचारलं, दुपारी आजोबा कुठे झोपतात? खोटं बोलवेना. म्हटलं, सध्या ओट्याखाली.

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. ते जास्त वाईट होतं.

शेरा: पुन्हा सादर करा. वीस प्रश्नांसकट.

परतताना बर्डी स्टेशनवर मेट्रोच्या गर्दीत मॉडेलचं छत निघालं. घरी आजोबांनी विचारलं, काय झालं गा? मी म्हटलं, त्यांना समजायला वेळ लागेल. ते म्हणाले, हो, लागते. मग बाबांना म्हणाले, लाव आता नत्थूले फोन.

१८ एप्रिल, सकाळी ९

नत्थू छिन्नी-हातोडा घेऊन आला. सरळ उत्तरेच्या भिंतीकडे गेला. लिंटेलच्या खाली एक वीट ठोकली, ती हातात आली. मग दुसरी. सिमेंट नव्हतंच, सगळ्या मातीत बसवलेल्या, वरून नुसता गिलावा. अर्ध्या तासात दोन बाय दोन फुटांची चौकट मोकळी. अंगणातल्या पाण्याच्या टाकीमागची ताडपत्री काढली, तिच्याखाली लोखंडी स्टँड. कूलर बसला. प्लग बरोबर शेजारी. नळाची पाइप बरोबर कूलरपर्यंत. दाराकडून हवा बाहेर.

स्टँडच्या पायाला वेल्डरने खडूने लिहिलेलं पुसट दिसत होतं. संजीवभाऊ (म्हणजे बाबा), २१ जानेवारी. म्हणजे मी प्लॅन समजावला, त्याच्या दुसऱ्या दिवशी.

आई, बाबा, नत्थू, सगळ्यांना माहीत होतं. मयुराला पण! आजोबांनीच सांगून ठेवलं होतं, लेकराची खोली कॉलेजाले दाखवाची आहे, आधी नका फोडू. महिनाभर पट्टे चुकवत खाट सरकवली त्यांनी.

नत्थूला म्हटलं, सांगायचं ना. म्हणाला, भाऊ, तुम्ही शिकवून राहिले होते, मधी कसा बोलू?

दुपारी ३

फटींना आईने जुन्या चादरी लावल्या. आजोबा नव्या थंड भिंतीशी झोपले आहेत. घोरण्याचा आवाज कूलरपेक्षा मोठा.

वीस प्रश्नांचा कागद काढून ठेवला. उठले की विचारतो. प्रश्न अकरा आधी.

संध्याकाळी ७

अकरावा आधी विचारला, मग पहिल्यापासून चारपर्यंत पोचलो. चौथा होता, रोजच्या वस्तू कुठे ठेवता? आजोबांनी खाटेखालून बॅग ओढली, गाठ सोडली. मग कोपऱ्यातलं माझं बिनछताचं मॉडेल उचलून उशाशी ठेवलं आणि एकेक वस्तू त्याच्या फटींत खोचायला लागले. फणी. चष्मा. बीपीच्या गोळ्यांची पट्टी. धाग्याच्या गाठी कापायची छोटी कात्री. शेवटच्या फटीत उमरेडच्या घराची किल्ली.

मी म्हटलं, आजोबा, दर्शनी भाग बिघडतो. ते म्हणाले, आता कुठी कामाचा झाला, बापू.

नऊपैकी पाच भरल्या. मयुराला फोटो काढायला लावला. पोर्टफोलिओत घेईन. खाली लिहायचं: ग्राहकाच्या गरजेतून सुचलेलं.

लेटरिंग उद्यापासून.