तापल्यावर उतरणारा काटा

मी, खाली सही करणारी, बस डेपोच्या इंधन-दुरुस्ती खात्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेली आणि सगळ्या गल्लीत 'पंपवाली' या नावाने ओळखली जाणारी बाई, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो देताना ते म्हणाले, "तुमचं हृदय दमलंय, डोकं नाही." मला कोणी भरीस घातलेले नाही, कोणी धमकावलेले नाही. यापूर्वी मी कोणाला तोंडी काही कबूल केले असेल तर ते या लेखाने रद्द समजावे.

कलम १. राहते घर, मागच्या अंगणासह, माझ्या एकुलत्या एक लेकीला. जावईबापूंनी ते विकण्याचा विषय पहिली दोन वर्षे तरी काढू नये. माणूस चांगला आहे, पण कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी तिची किंमत विचारतो.

कलम २. शेडमधली सगळी हत्यारे, व्हाइस आणि ड्रिल मशीन माझ्या डेपोतल्या जुन्या सोबत्याला, ज्याला आम्ही 'नकटा टर्नर' म्हणत होतो. अपवाद मोठ्या रिंग पान्याचा. तो कशासाठी वापरला गेला ते पुढे येईल. तो पाना कोणालाही देऊ नये, भंगारात वितळवावा.

कलम ३. लाल रंगाची दोन दारांची जुनी गाडी लेकीला. ही गाडी मी आणि माझ्या यजमानांनी भंगारातून आणून उभी केली. ते शाळेत चित्रकला शिकवायचे, पत्र्याचे आणि रंगाचे काम त्यांचे. इंजिन माझे. हौशी गाड्यांच्या शर्यतीत ती पळवायचे माझे धाकटे दीर. दिरांचा हात स्टिअरिंगवर देवाने घडवल्यासारखा होता, हे मी शत्रुत्व बाजूला ठेवून लिहिते. डोके मात्र तापट. घरात भांडी फुटायची, जाऊबाईच्या दंडावर वळ दिसायचे, आणि सासूबाई म्हणायच्या, "त्याचा स्वभावच तसा आहे." जणू स्वभाव म्हणजे उंची, बदलताच येत नाही.

आता जे घडले ते लेकीला नीट कळावे म्हणून लिहिते. ती तेव्हा कॉलेजच्या सहलीला गेली होती आणि नंतर तिला पाच माणसांकडून पाच गोष्टी ऐकायला मिळाल्या.

कार्बोरेटरला पेट्रोल हलक्या दाबाने लागते. तीन, फार तर साडेतीन पौंड. जास्त झाले तर पेट्रोल अडवणारी आतल्या तरंगत्या फ्लोटची सुई दाब पेलू शकत नाही, फ्लोटची छोटी टाकी भरून वाहते आणि पेट्रोल बाहेर सांडते. आमच्या गाडीला इंजिनजवळच्या नळीवर दाब दाखवणारे एक गेज बसवले होते, आत ग्लिसरीन भरलेले, काटा थरथरू नये म्हणून. गाडी थंड असताना काटा बरोबर साडेतीनवर. तापली की उतरत उतरत एकवर. दिरांनी ठरवून टाकले की पंप मेला. न विचारता त्यांनी दुप्पट ताकदीचा इलेक्ट्रिक पंप आणला. तरी काटा उतरलाच. मग दाब वाढवायला रेग्युलेटरचा स्क्रू आवळला. पुन्हा आवळला.

मी डेपोतून आले आणि क्रमाने तपासत गेले. नळी डब्यात सोडून पाहिली, धार भरभरून येत होती. फिल्टर स्वच्छ. पेट्रोलच्या मोठ्या टाकीच्या झाकणाचे हवेचे भोक उघडे. फ्लोटच्या टाकीचा बाजूचा स्क्रू काढला तर पेट्रोल भसकन बाहेर आले, म्हणजे पातळी कमी नव्हतीच, वर चढली होती. इंजिन उपाशी नव्हते, त्याला कोंबून भरवले जात होते. मग उरले गेज. त्याच्यावर ओल्या फडक्याची घडी ठेवली. काटा एकवरून निघाला आणि सातच्या पुढे जाऊन थांबला. गेजच्या बंद डबीतली हवा तापली की फुगते आणि काट्याला मागे रेटते. थंड केल्यावर त्याने खरे सांगितले.

"भाऊजी, हे बघा. दाब कमी नाहीये, दुप्पट आहे. स्क्रू सैल करा आणि जुना पंप लावा."

"म्हणजे मी मूर्ख?"

"मी तसं म्हटलं नाही. गेज चुकतंय."

"पुढच्या आठवड्यात शर्यत आहे. माझी गाडी चढावर गुदमरते, आणि तुम्ही मला फडकी दाखवताय!"

"गुदमरते कारण पेट्रोल जास्त होतंय."

इंजिन बंद करून मी गेज नळीवरून काढले, तर त्यांनी ते माझ्या हातातून ओढून घेतले आणि माझ्या तोंडावर फेकले. कपाळ फुटले. डोळ्यात रक्त उतरले. माझे यजमान, ज्यांनी जन्मात कोणावर आवाज चढवला नाही, त्यांनी धाकट्या भावाची कॉलर धरली. दिरांनी त्यांच्या तोंडावर डोके आपटले. पुढचे दात पडले, शर्ट लाल झाला. मी फरशी पुसायचा बोळा यजमानांच्या तोंडाला लावला. दुसरे काही हाताशी नव्हते.

आणि त्या मार खाल्लेल्या माणसाने मला बाजूला घेऊन काय सांगावे? "एकदा चालवू दे त्याला. त्याचं समाधान होईल. मग तू तुझ्या पद्धतीनं कर." ते आयुष्यभर असेच भांडणे मिटवत आले. समोरच्याला हवे ते देऊन.

गेज पुन्हा लावले. दिरांनी स्क्रू आणखी एक आटा फिरवला, गाडीत बसले आणि इंजिन फिरवले. यजमान बॉनेटखाली वाकून काटा बघत होते. शेडच्या दारात जाऊबाई चहाचे कप घेऊन उभी होती. मी ओरडले, "बंद करा, वास येतोय!" दिरांनी ॲक्सिलरेटर दाबला. कार्बोरेटरच्या तोंडातून पेट्रोल उसळून तापलेल्या एक्झॉस्टवर पडले, आणि भप्प असा एकच आवाज झाला. फार मोठा नव्हता. गॅस पेटवताना होतो तेवढाच.

यजमान छातीपासून डोक्यापर्यंत पेटले. ते बाजूला न पडता समोरच, बंपरपुढे कोसळले. किल्ली चालू, म्हणून पंप चालू, म्हणून आगीवर पेट्रोल सुरूच. आणि दिरांनी गिअर टाकला.

"गाडी बाहेर काढतो!"

"हे समोर पडलेत! तुमचा भाऊ समोर आहे!"

त्यांनी ऐकले, हे मी शपथेवर लिहिते. माझ्याकडे बघितले आणि क्लच सोडला. गाडी हिसका देऊन पुढे सरकली. चाकाखाली काय आले ते मी लिहीत नाही, लेकीने ते वाचायची गरज नाही. मी रिंग पाना उचलला आणि खिडकीतून त्यांच्या मनगटावर मारला. स्टिअरिंग सुटले नाही. दुसरा घाव घातला. तेव्हा हाड मोडल्याचे मला हातात जाणवले. किल्ली ओढली, वाळूची बादली ओतली, यजमानांना पाय धरून अंगणात ओढले. त्या दोन घावांचा मला त्या दिवशी पश्चात्ताप नव्हता आणि आजही नाही. एकातच काम व्हायला हवे होते, एवढेच वाटते.

यजमान दुसऱ्या आठवड्यात गेले. दिरांनी पोलिसांना सांगितले की वहिनीनेच नळी सैल ठेवली होती, आणि ते वाचवायला धावले तर तिने हात मोडला. पोलिसांनी जाऊबाईला विचारले. ती म्हणाली, "मी आत होते. मी काही पाहिलं नाही." तिचा नवरा शेजारी उभा होता. प्रकरण अपघात म्हणून बंद झाले. नातेवाईक मात्र बंद झाले नाहीत. 'नवऱ्याला जाळणारी' हे मी बाजारात, बँकेच्या रांगेत, लेकीच्या लग्नातसुद्धा पाठीमागून ऐकले आहे.

गाडी मी पुन्हा उभी केली. लोक म्हणाले, तिचे तोंड तरी कसे बघवते? गाडीने काही केले नव्हते. लेकीने ती हवी तेवढी पळवावी.

कलम ४. माझ्या दिरांना स्थावर-जंगम काहीही नाही. फक्त एक वाक्य त्यांचे आहे, ते मी वीस-बावीस वर्षे माझ्याकडे ठेवले होते. दवाखान्यात बोलता येत होते तोवर त्यांचा भाऊ मला म्हणाला होता, "त्याला सांग, चालव असं मीच म्हटलं होतं. त्यानं मनाला लावून घेऊ नये." मी सांगितले नाही. त्यांनी मनाला लावून घ्यावे अशीच माझी इच्छा होती. आता मी नसताना वाचावे आणि असा भाऊ आपण कसा गमावला याचा विचार करत उरलेले दिवस काढावेत.

इथवर मी स्वहस्ते लिहिले. इथून पुढे मी सांगत आहे आणि वकीलबाई लिहीत आहेत, कारण माझा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये आहे. 'कोणी धमकावलेले नाही' हे वाक्य लिहिले त्या दिवशी खरे होते.

परवा दुपारी दीर आले. मृत्युपत्र करतेय हे त्यांच्या कानावर गेले होते. मी ओट्यावर बसून शेंगा सोलत होते. अंगणाच्या फाटकाला कडी नव्हती, तरी त्यांनी लाथ मारली.

"गाडी माझ्या भावाची आहे. माझ्या नावावर कर."

"तुमच्या भावावरून तुम्ही ती नेलीत भाऊजी. पुन्हा हात लावू देणार नाही."

त्यांनी टेकायची काठी दोन्ही हातांनी उचलली. त्यांचे वय झाले आहे, पण खांदे अजून तसेच आहेत. मी हात वर केला, तो मोडला. "फिटलं आता," ते म्हणाले, आणि पुन्हा काठी उचलली. या वेळी डोक्यावर. मी खाली पडले होते, शेंगांच्या टरफलांत. मला वाटले, संपले.

काठी खाली आलीच नाही. त्यांच्या मागून आलेल्या जाऊबाईने ती धरली होती.

"सोड," ते म्हणाले.

"नाही."

"सोड म्हणतो ना!"

त्यांनी वळून तिच्या कानाखाली मारली. तिने ते खाल्ले, नेहमी खाते तसे, पण काठी सोडली नाही. मग दोन्ही हातांनी काठीसकट त्यांना ढकलले. ते ओट्यावरून अंगणात पाठीवर पडले आणि कंबरेतून मोडले. ओरडत होते. तिने ॲम्ब्युलन्स बोलावली, माझ्या हाताला पुठ्ठा बांधला, आणि ॲम्ब्युलन्सवाल्याने "सोबत कोण येतंय?" असे विचारल्यावर म्हणाली, "मी हिच्यासोबत रिक्षानं जातेय. त्यांना तुम्ही न्या." संध्याकाळी ती कपड्यांची एक पिशवी घेऊन माझ्याकडे आली. मी कारण विचारले नाही. तिचा गाल सुजला होता. आम्ही दोघींनी भात खाल्ला, मी डाव्या हाताने.

पोलिसांत तक्रार दिली आहे. दीर दवाखान्यात आहेत. डॉक्टर म्हणतात, पुन्हा चालणे कठीण.

कलम ५. माझ्या देहाला आग देऊ नये. मेडिकल कॉलेजला द्यावा, तसा अर्ज भरला आहे. आग मी जवळून पाहिली आहे, मला ती नको.

कलम ६. माझ्या धाकट्या जाऊबाईला घराच्या मागच्या खोलीत हयातभर राहण्याचा हक्क असावा, आणि तिच्या नवऱ्याने किंवा इतर कोणी तिला तिथून हलवू नये.

हे कलम खोडले आहे. खोडण्याचे कारण वकीलबाई माझ्या सांगण्यावरून नोंदवत आहेत. वकीलबाईंनी मृत्युपत्र मोठ्याने वाचून दाखवले. जाऊबाई स्वयंपाकघरात होती, ती पदराला हात पुसत बाहेर आली.

"यावर साक्षीदार म्हणून मी सही करणार," ती म्हणाली.

वकीलबाईंनी समजावले, "तुम्हाला खोली मिळतेय ना? ज्याला काही मिळतं त्यानं साक्ष द्यायची नसते. हक्क रद्द होतो. प्लास्टर बघायला आलेल्या डॉक्टरांची एक सही होईलच, दुसरी समोरच्या दुकानदाराची घेऊ."

"दुकानदार शेडच्या दारात नव्हते. मी होते."

वकीलबाईंनी माझ्याकडे पाहिले.

"खोलीचं खोडा," ती म्हणाली.

"मग तू राहशील कुठे?" मी विचारले.

"ते बघू, ताई. पेन द्या."

म्हणून खोडले. लेकीला कायद्याने जे सांगता येत नाही, ते आई म्हणून सांगते. पुढचे तुझे तू समजून घे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, मला समजला, मला मान्य आहे. उजव्या हाताने सही करता येत नाही, म्हणून डाव्या अंगठ्याचा ठसा देत आहे.

(ठसा)
पंपवाली

साक्षीदार पहिले: हाडांचे डॉक्टर. ठसा माझ्यासमोर दिला. बाई पूर्ण शुद्धीत आहेत आणि माझ्याशी प्लास्टरच्या दर्जावरून वाद घालत आहेत.

साक्षीदार दुसरी: धाकटी जाऊ. ठसा माझ्यासमोर दिला. कलम तीनमध्ये लिहिले आहे ते सगळे मी दारातून पाहिले होते. चहाचे कप माझ्या हातात होते. हिने ओरडून सांगितले होते आणि त्याने ऐकले होते.

स्थळ: घराची पुढची खोली.
दिनांक: वकीलबाईंच्या शिक्क्यावर आहे तो.