बिनलायसन्सचे सहा महिने

८ जून, रविवार
किळस आली या गावाची. पापनाशमला साडूंकडे, श्रीनिवासरावांकडे जेवण होतं. मी घेतले ते दोनच पेग. तिसरा त्यांनी आग्रहानं ओतला, तो त्यांच्या माथी. परतताना मागच्या सीटवर मुलगी हरिता. भर दुपार, स्कूटर अगदी सरळ. तंजावूरच्या वेशीवर पोलिसांनी अडवून फुंकायची नळी पुढं केली. कुणाकुणाच्या तोंडात गेलेली असेल. शी. हरिताला हळूच आपल्या मराठीत सांगितलं, तू चक्कर येऊन पड, या तमिळ टोणग्याला काय कळतंय. ती हलली नाही. सबइन्स्पेक्टरच्या छातीवर नाव सुब्रमण्यम. तो आपल्याच मराठीत म्हणाला, मुलीला कशाला पाडतां राव, आमच्या घरांत पण हेंच बोलतांत. आपला माणूस, तरी केस केलीच. स्कूटरही ठेवून घेतली. ऑटोनं आलो. हरिता रस्ताभर गप्प. ऊन लागलं असेल.

९ जून
दारू कायमची बंद.

१६ जून, सोमवार
कोर्ट. मॅजिस्ट्रेटबाईंना सांगितलं, आमचं घराणं तंजावूरच्या मराठा राजांच्या वेळचं. त्यांनी पुढचा नंबर पुकारला. दंड, सहा महिने लायसन्स बंद, वर प्रबोधन वर्ग. पुन्हा सापडलात तर तुरुंग, असंही ऐकवलं. या वयात! स्कूटर सुटली, भाचा कार्तिक चालवत घरी घेऊन आला. मागं हरिता. हे मात्र लागलं. लायसन्स आलं की कॉलेजला तिला रोज मीच सोडणार. तोवर तिचा राग निवळेल.

५ जुलै, शनिवार
वर्ग. शेजारी केळ्यांच्या लॉरीचा ड्रायव्हर, डोक्याला बचकभर तेल. असल्यांच्या पंक्तीला मी. पडद्यावर लिव्हरचे फोटो, जेवणाच्या तोंडावर. वर्ग घेणाऱ्या इन्स्पेक्टर अलमेलु यांना उभं राहून स्पष्ट सांगितलं, मी पिणारा नव्हे, प्रसंगी घेणारा. मग एकेक जण उठला. सगळेच प्रसंगी घेणारे निघाले. ढोंगी लेकाचे.

१४ सप्टेंबर, रविवार
तिरुवैयारुला चुलतभाऊ श्रीकरच्या मुलाचं बारसं. बसनं गेलो. गाडी चालवायचीच नाही, तर कायद्याची हरकत कुठं? तीन घेतले. परतताना कंडक्टरनं मला मागच्या सीटवर एकटं बसवलं. माणुसकी उरली नाही.

१५ सप्टेंबर
बंद म्हणजे बंद. बारसं धरायचं नाही.

१८ डिसेंबर, गुरुवार
काल लायसन्स मिळालं. हरितासाठी नवं हेल्मेट आणलं, फुलाफुलांचं. सकाळी स्कूटर पुसून दारात उभा राहिलो. परवापासून थेंबाला शिवलेलो नाही.

हरिता बाहेर आली आणि सरळ बस स्टॉपकडे निघाली. थांबवून विचारलं, किती दिवस रुसायचं? बापाची लाज वाटत असेल तर चारचौघांत माफी मागतो म्हटलं. मागितली नसती, पण म्हटलं.

ती म्हणाली, लाज नाही अप्पा, भीती वाटते. त्या दिवशी पापनाशमपासून तिनं डोळे घट्ट मिटून घेतले होते म्हणे. माझा शर्ट धरून मनात आईला हाका मारत होती.

मला वाटलं होतं, वाऱ्यानं पोरीला झोप लागली.

टाउन बस आली, ती चढून गेली. हेल्मेट तिच्या आईनं, सुप्रभानं, कपाटावर ठेवून दिलं. बायकोनं एक शब्द तरी बोलायला हवा होता.