वरच्या खोलीत भाडेकरू नाही

।। एकवीरा आई प्रसन्न ।।

मी, काळूराम दिनानाथ घरत, वय एकोणपन्नास, राहणार कळंबोलीजवळचे गावठाण, तालुका पनवेल. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर धीर देतात, आई पाठीशी आहेच. तरी मागे घोळ नको म्हणून पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने हे लिहून ठेवतो. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. वाटणीत मला मिळालेले राहते घर, तळमजला आणि वरची खोली, माझ्यामागे पत्नी किशोरी हिचे. तिच्यानंतर मुलगी प्रांजल हिचे.

२. बँकेतली ठेव आणि वजनकाट्यावरच्या नोकरीचा फंड किशोरीचा. त्यातून कोणी उसने मागितल्यास तिने नाही म्हणावे. तिला ते जमत नाही, म्हणून इथे लिहिले.

३. बाबांचे मिठागरातले लाकडी फावडे जावई परेश यांना. ते हसतील. हसून झाल्यावर भिंतीला लावावे.

४. घरपट्टीविषयी. हे किशोरीने दोनदा वाचावे.

प्रांजलला पाहायला उरणची मंडळी आली, त्याच दिवशी घरपट्टीसाठी महापालिकेचा मोजणीचा माणूस आला. आमच्याकडे वाटण्या झाल्या तरी पाहुण्यांसमोर बोलतो तो थोरला भाऊ. मोजणीवाल्याने विचारले, "वर कोण राहतं?" वर बायका प्रांजलला साडी नेसवत होत्या. काशीरामदादा पाहुण्यांकडे बघत म्हणाला, "वर भाडेकरू हायेत दोन. लोखंड बाजारातले. वेळेवर भाडं देतात." व्याह्यांनी मान डोलावली. मोजणीवाला वर गेलाच नाही. घरातला मोठा म्हणून दादाने कागदावर सही केली. मी चहाचा ट्रे धरून उभा होतो.

लग्न ठरले. मग नोटीस आली: वरची खोली भाड्याची. भाड्याच्या खोलीला स्वतः राहण्यापेक्षा कर जास्त लागतो. त्या खोलीत एकवीरा आईचा टाक आहे, आणि संध्याकाळी मी दिवा लावतो. दुसरे कोणी कधी राहिले नाही.

एकवीस दिवसांची मुदत होती. मी मुदतीत हरकत घेतली, सुनावणीला गेलो. साहेब भला माणूस. म्हणाले, "काका, ज्यांनी सही केली त्यांच्याकडून लिहून आणा, भाडेकरू नव्हता म्हणून. मी दुरुस्त करतो."

दादाकडे तीनदा गेलो. तो म्हणाला, "पोरगी तिथं नांदतेय. आपन खोटं बोललो असं लिवून देऊ? उद्या तिला कोन काय बोलला, तर तू जाशील भांडायला?" मी कोरा कागद घेऊन परत आलो. हरकत फेटाळली गेली. कोर्टात अपील करायचे तर आधी सगळी पट्टी भरावी लागते. पैसे ऑपरेशनला गेले. दरवर्षी थकबाकीवर व्याज चढते, आणि माझ्यामागे जप्तीची नोटीस किशोरीच्या हातात पडेल, एवढेच मला दिसते.

५. किशोरीने माझ्यामागे आधी घर आपल्या नावावर करून घ्यावे. खोली स्वतःच्या वापरातली आहे असा अर्ज द्यावा, सोबत या मृत्युपत्राची नक्कल जोडावी, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये. थकबाकीच्या व्याजात कधी सूट निघते. चौकशी करत राहावे. पुढे पट्टी मुदतीआधी भरावी, तेव्हाही सूट मिळते.

६. काशीरामदादाला मी काही देत नाही. हा राग नाही. वकील म्हणाले, वाटा घेणाऱ्याने साक्षीदार होऊ नये, आणि मला त्याचीच साक्ष हवी आहे.

आज दादा आला. चौथे कलम त्याने चष्मा पुसून दोनदा वाचले. मग म्हणाला, "सई करतो. पन तू हायस तवर हा कागद कोनाला दाखवायचा नाय. शपथ घे."

मी आईसमोर शपथ घेतली. म्हणजे जे लिहून मिळावे म्हणून मी वर्षभर हिंडलो ते आता माझ्या घरात आहे, आणि मी जगलो तर ते मला चालवता येणार नाही. ऑपरेशन नीट व्हावे म्हणून किशोरी रोज दिवा लावते. मीही हात जोडतो.

ठिकाण: कळंबोली, ता. पनवेल
दिनांक: १२ फेब्रुवारी २०२५

लिहून ठेवणार: काळूराम दिनानाथ घरत (सही)

आम्हा दोघांसमक्ष काळूराम यांनी सही केली. आम्हीही त्यांच्यासमोर केली.

साक्षीदार:
१. उदयसिंह परदेशी, शेजारी (सही)
२. काशीराम दिनानाथ घरत, थोरला भाऊ (सही)
वर भाडेकरू नाय. कदीच नव्हता.